परसातली शेळी आणि तिच्या पायाखालची जमीन

घरामागे थोडी मोकळी जागा असली की दोन-चार शेळ्या पाळण्याचा विचार अनेकांच्या मनात येतो आणि लगेच पुढचा प्रश्न उभा राहतो: शेळीला खरेच गोठा लागतो का? गावोगावी शेळ्या झाडाखाली, वळचणीला, पडक्या भिंतीच्या आडोशाला बांधलेल्या दिसतात. त्या जगतात, वितात, दूधही देतात. मग मुरूम, पत्रा, जाळी यांवर पैसे का घालायचे? प्रश्न रास्त आहे. २०१९ च्या पशुगणनेनुसार भारतात सुमारे १४.९ कोटी शेळ्या होत्या, त्यांपैकी महाराष्ट्रात सुमारे १.०६ कोटी. त्यांतल्या बहुतेक शेळ्या ज्यांच्याकडे आहेत त्या कुटुंबांना एकेक रुपया मोजूनच खर्च करावा लागतो. म्हणून या प्रकरणात एकच गोष्ट नीट पाहू. शेळी परसात आणली की ती नेमके काय गमावते? ते कळले की कुठे खर्च करायचा आणि कुठे हात आखडता घ्यायचा, हे आपोआप ठरते.

१. डोंगरातली सवय, परसातली अडचण

माणसाने शेळी माणसाळवली ती सुमारे १०,००० वर्षांपूर्वी, आजच्या इराणच्या पश्चिमेकडील झाग्रोस डोंगररांगांत आणि आसपासच्या प्रदेशात. तिचा रानटी पूर्वज आजही पश्चिम आशियातल्या उभ्या, खडकाळ, कोरड्या डोंगरांवर राहतो. त्या जमिनीने शेळीचे शरीर घडवले आहे. खडकावर चालताना खूर झिजत राहतो, म्हणून तिचा खूर सतत वाढतो. झुडपांचे शेंडे, कोवळी पाने, शेंगा हे तिचे खाणे, म्हणून ती मान वर करून खाते आणि वेळ पडली तर मागच्या पायांवर उभी राहते. मेंढीच्या लोकरीवर असते तेवढे तेलकट आवरण तिच्या केसांवर नसते आणि कातडीखाली चरबीही बेताचीच असते. त्यामुळे पाऊस थेट कातडीपर्यंत पोचतो. पावसाचे चार थेंब पडले की शेळी आडोशाकडे पळते, ती याच कारणाने.

चरायला जाणारी शेळी दिवसभर पुढे-पुढे सरकत असते. दोन शेंडे इथे खुडायचे, चार तिथे, आणि पुढच्या बांधावर जायचे. तिच्या लेंड्या मागे पडतात आणि ती पुढे निघून जाते. परसात मात्र तिला पुढे जायला जागाच नसते. ती आपल्याच लेंड्यांवर उभी राहते, तिथेच बसते, दुसरे काही नसले तर तिथेच पडलेला पाला उचलून खाते. पायाखालची कोरडी जमीन आणि घाण मागे टाकता येईल एवढे अंतर, या दोन गोष्टी परसात येताना ती गमावते. गोठा, कुंपण, गव्हाण, औषधपाणी या सगळ्यांचे काम या दोन गोष्टींची भरपाई करण्याचे आहे. गोठ्याविना पिढ्यान्‌पिढ्या शेळ्या पाळल्या गेल्या, असे जे सांगितले जाते ते खरे आहे. पण त्या शेळ्या दिवसाचे सात-आठ तास माळावर आणि डोंगरावर असत, दावणीला फक्त रात्री येत. दिवसभर बांधून ठेवलेल्या शेळीला तो दाखला लागू पडत नाही.

२. पायाखाली काय असावे

परसातल्या शेळीपालनात पहिला रुपया जमिनीवर खर्च करावा आणि छपराचा विचार त्यानंतर करावा. बहुतेकजण नेमके उलटे करतात. आधी चांगला पत्रा आणतात आणि शेळ्या उभ्या राहतात ती जागा तशीच खोलगट ठेवतात. पावसाळ्यात आजूबाजूचे पाणी तिकडेच झिरपते, मूत मुरते, लेंड्या चिखलात मिसळतात. या ओलीतून तीन संकटे एकदम उभी राहतात. पहिले, सतत ओलीत राहून खूर मऊ पडतात, सडतात आणि शेळी लंगडू लागते. लंगडी शेळी गव्हाणीपर्यंत मागे पडते आणि खंगते. दुसरे, मूत आणि लेंड्या कुजून अमोनिया वायू तयार होतो. गोठ्यात शिरताच आपल्या डोळ्यांना झोंबतो तो हाच. आपले नाक जमिनीपासून पाच फुटांवर असते. बसलेल्या करडाचे नाक मात्र वायू तयार होतो तिथेच, वीतभर उंचीवर असते. या वायूने श्वासनलिकेचे आतले अस्तर दुखावते आणि फुफ्फुसदाहाला वाट मोकळी होते. तिसरे, जंतांची अंडी आणि करडांना रक्ती हगवण लावणारे कॉक्सिडिया नावाचे एकपेशी जीव. दोघांनाही पुढची वाढ पुरी करायला ओलावा आणि ऊब लागते. कोरड्या, तापलेल्या जमिनीत त्यातले बरेचसे मरून जातात.

यावर उपाय फार महागडा नाही. परसातली सर्वांत उंच जागा निवडावी. तिथे आजूबाजूच्या जमिनीपेक्षा फूट-दीड फूट उंच जोते करून त्यावर मुरूम टाकून चोपावा आणि एका बाजूला हलका उतार द्यावा. पागोळ्यांचे पाणी आत येऊ नये म्हणून भोवती वीतभर खोल चर काढावा. रोज सकाळी लेंड्या झाडून काढाव्यात, महिन्यातून एकदा चुना भुरभुरावा आणि वर्षातून एकदा, शक्यतो उन्हाळ्यात, वरचा चार-सहा इंचांचा थर काढून नवा मुरूम भरावा. काढलेला थर वाया जात नाही. लेंडीखत म्हणून तो शेतात किंवा कुंड्यांत उत्तम चालतो. गाईम्हशींसाठी कोबा चांगला, मग शेळ्यांसाठी का नको, असे विचारले जाते. कोबा धुवावा लागतो आणि धुतलेला कोबा पावसाळ्यात दिवसभर ओला राहतो. शिवाय तो मूत शोषत नाही आणि थंडीत गार पडतो. शेळीची लेंडी मुळात सुकी आणि गोळीबंद असते, ती झाडूने निघते. तिच्यासाठी पाण्याने धुवायची जमीन करण्याची गरजच नाही.

कोकण, गोवा आणि सह्याद्रीच्या माथ्यावर मात्र मुरूम पुरेसा नाही. जिथे वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर आणि त्याहून जास्त पाऊस पडतो, तिथे चोपलेला मुरूमही दमटच राहतो. अशा ठिकाणी मचाण करावे. जमिनीपासून तीन-चार फूट उंच, लाकडाच्या किंवा बांबूच्या पट्ट्यांचा फळा घालावा आणि दोन पट्ट्यांमध्ये साधारण अर्धा इंच फट ठेवावी. लेंड्या आणि मूत खाली पडतात, वरची जागा कोरडी राहते आणि खालून वारा खेळतो. फटीचे माप काटेकोर पाळावे. फट कमी झाली तर लेंड्या अडकतात. जास्त झाली तर खूर, आणि त्याहून आधी करडाचा पाय अडकून मोडतो. कोकण कन्याळ ही सिंधुदुर्गातली जात तिथल्या पावसाला सरावलेली आहे आणि कोकणात शेळी घेताना तिचाच विचार आधी करावा. पण ती पावसाला सरावलेली असली तरी चिखलात बसायला सरावलेली नाही. उस्मानाबादी शेळी मराठवाड्यातली, संगमनेरी अहिल्यानगर-नाशिक-पुण्याकडची, बेरारी विदर्भातली. या तिघी कमी पावसाच्या भागातल्या. त्यांना कोकणात नेणाऱ्याने मचाणाशिवाय नेऊच नये.

३. छप्पर किती, भिंती किती

जागेचे गणित सोपे आहे. मोठ्या शेळीला छपराखाली १० ते १२ चौरस फूट आणि करडाला ४ ते ५ चौरस फूट जागा लागते. मोकळे आवार याच्या दुप्पट असावे. चार शेळ्या आणि त्यांची सहा करडे धरू. शेळ्यांचे १२ गुणिले ४ म्हणजे ४८, करडांचे ५ गुणिले ६ म्हणजे ३०, मिळून ७८. म्हणजे १० फूट बाय ८ फुटांचा गोठा पुरतो. आवार १६० चौरस फूट, म्हणजे १० बाय १६. गोठ्याची दहा फुटांची बाजू आवाराची एक बाजू झाली, तर कुंपण घालायचे उरते फक्त ४२ फूट. एवढ्या जागेत चारच्या आठ शेळ्या करण्याचा मोह होतो, तो टाळावा. गर्दी वाढली की वर सांगितलेली ओल, अमोनिया आणि जंत ही तिन्ही संकटे वाढतात आणि दुबळी शेळी गव्हाणीवरून हटवली जाते. उलट एकच शेळी पाळणेही बरे नव्हे. शेळी कळपातली आहे. एकटी ठेवली तर दिवसभर ओरडते आणि नीट खात नाही. दोन ही किमान संख्या धरावी. चार शेळ्यांसाठी स्वतःचा बोकड सांभाळायची मात्र गरज नाही. त्याला वेगळा खण लागतो, त्याचा उग्र वास शेजाऱ्यांना छळतो आणि पुढच्या वर्षी त्याच्याच लेकींवर तो सोडला जाण्याचा धोका असतो. गावातला किंवा जवळपासचा चांगला, निरोगी बोकड वेळेला मिळवणे जास्त शहाणपणाचे.

छप्पर मधे आठ-नऊ फूट आणि कडेला सहा-सात फूट उंच असावे आणि वळचण भिंतीबाहेर किमान दोन फूट यावी. महाराष्ट्रात पावसाची झड मुख्यतः पश्चिम-नैर्ऋत्येकडून येते, म्हणून त्या बाजूची वळचण आणखी फूटभर वाढवावी किंवा तिकडे तट्ट्या लावावा. मराठवाड्यात आणि विदर्भात खरी परीक्षा एप्रिल-मे महिन्यांत होते. तिथे गोठ्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवली की दुपारचे ऊन आत शिरत नाही आणि पत्र्यावर उसाचे पाचट, तुराट्या किंवा कडब्याचा थर दिला की आतली धग बरीच कमी होते. भिंती जमिनीपासून तीन फुटांपर्यंत भरीव आणि त्यावर जाळी, एवढ्या पुरे. थंडी पडली की सगळ्या बाजू ताडपत्रीने बंद करण्याची पद्धत आहे. हेतू मायेचा असतो, पण परिणाम वाईट होतो. दहा जनावरांच्या श्वासाची वाफ आणि मुताचा वायू आत कोंडतो, पहाटे पत्र्याखालून पाणी ठिबकते आणि करडे खोकू लागतात. वाऱ्याच्या बाजूने, शेळीच्या पाठीच्या उंचीपर्यंत गोणपाट लावावे आणि वरचा भाग उघडा ठेवावा. कोरड्या, हवेशीर गोठ्यात शेळी आपल्याकडची थंडी सहज सोसते. करडांसाठी कोपऱ्यात भुसकटाची जाड गादी घातली की पुरते.

४. कुंपण: बाहेर जाणारी शेळी आणि आत येणारा बिबट्या

कुंपणाऐवजी दावे का चालत नाही? दावे स्वस्त आहे, जागा बदलता येते आणि पिढ्यान्‌पिढ्या वापरले जाते. पण दाव्याची शेळी त्याच वर्तुळात फिरते आणि त्याच वर्तुळात लेंड्या टाकते. म्हणजे जे अंतर आपण तिला परत द्यायचे म्हणतो, ते दावे आणखी कमी करते. खुंटी रोज हलवली तर थोडा फरक पडतो. परसात मात्र चार-सहा दिवसांत खुंटी पुन्हा पहिल्या जागी येते आणि तेवढ्यात पावसाळ्यातल्या लेंड्यांमधून जंतांच्या अळ्या तयार झालेल्या असतात. शिवाय मोकाट कुत्री आली तर बांधलेल्या शेळीला पळता येत नाही. तासाभरासाठी, माणूस समोर असताना दावे चालेल. रोजचे राहणे कुंपणातच हवे.

शेळी कुंपण तीन प्रकारे मोडते: त्यावर चढते, त्यातून डोके घालते, त्याखालून सरपटते. आडव्या बांबूंचे कुंपण तिला चढायला सोयीचे पडते, म्हणून जाळी किंवा उभ्या काठ्या वापराव्यात. उंची चार फूट, आणि उड्या मारणारी पाठ किंवा बोकड असेल तर पाच फूट. शिंगांच्या शेळीचे डोके सहा इंची चौकटीतून आत जाते आणि शिंगे मागे अडकतात. अशी अडकलेली शेळी उन्हात किंवा कुत्र्यांच्या तोंडी मरते. त्यामुळे दोन-अडीच इंची चेनलिंक जाळी उत्तम. काटेरी तार शेळ्यांच्या आवाराला लावू नये. तिच्यातून घुसताना कास फाटते आणि कासेची जखम दूध संपवते. खांब आठ फुटांवर, दीड-दोन फूट जमिनीत. कोपऱ्याच्या खांबांना तिरका टेकू द्यावा, कारण जाळीचा सगळा ताण तेच झेलतात आणि शेळ्यांना जाळीला अंग घासायची सवय असते. वरच्या हिशेबातल्या ४२ फुटांना दाराच्या खांबांसह सहा-सात खांब लागतात. जाळीच्या पायाशी दगडांची रांग लावली की करडू बाहेर जात नाही आणि कुत्रे खालून उकरत नाही. कुंपणाच्या आतून चार फुटांत पाण्याची टाकी, दगडांचा ढीग, लाकडाचा ओंडका असे चढायला काही ठेवू नये. दाराची कडी बाहेरच्या बाजूने, खिट्टीची असावी; नुसते अडकवलेले तारेचे कडे शेळी ओठांनी उचलते.

जाळीला पैसे नसतील तर जिवंत कुंपण हा जुना आणि चांगला मार्ग आहे. शेर, निवडुंग, घायपात, सागरगोटा यांना शेळी सहसा तोंड लावत नाही. करवंदाची जाळी दाट होते, पण कोवळी असताना शेळ्यांपासून वाचवावी लागते. जिवंत कुंपण दाट व्हायला दोन-तीन वर्षे लागतात, तोवर काट्यांचा कुप घालावा. कोकणात चिऱ्यांचा किंवा दगडांचा गडगा असतोच, त्यावर फक्त दोन फूट जाळी चढवावी, कारण शेळी गडग्यावर सहज चढते. दोन झाडे मात्र कटाक्षाने टाळावीत, कारण दोन्ही कुंपणासाठीच लावली जातात. कण्हेर इतकी विषारी आहे की थोडी पानेही जनावराचे हृदय बंद पाडतात. ओढ्याकाठी माजणारी बेशरम शेळ्यांना चटक लावते. सतत खाल्ली तर मेंदू आणि मज्जातंतू बिघडतात आणि शेळी अडखळत, खंगत मरते.

आता बाहेरून येणारा धोका. जुन्नर, संगमनेर, अकोले, निफाड या उसाच्या पट्ट्यात बिबट्याची भीती वाजवी आहे आणि तिथे अनेकजण म्हणतात की बिबट्या आहे तोवर शेळ्या पाळण्यात अर्थ नाही. पुरावा वेगळे सांगतो. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले परिसरात बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास करून त्यांचे खाणे तपासले. वजनाने सर्वांत मोठा वाटा, सुमारे ३९ टक्के, कुत्र्यांचा निघाला. त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या सुमारे सातपट होत्या, तरी शेळ्यांचा वाटा ११ टक्क्यांच्या आसपासच होता. शेळ्यांबरोबर दिवसा माणूस असतो आणि रात्री त्या कोंडलेल्या असतात. कुत्री मोकळी फिरतात. म्हणजे रात्रीचा बंद गोठा खरोखर काम करतो. फक्त तो वरूनही बंद हवा. बिबट्या पाच फुटांची जाळी सहज ओलांडतो आणि उघड्या आवारात शिरला तर घाबरलेल्या, कोंडलेल्या अनेक शेळ्या एकाच रात्री मारू शकतो. बिबट्याच्या भागात मोकळे आवार फक्त दिवसासाठी ठेवावे आणि अंधार पडण्याआधी शेळ्या छपराच्या, चारी बाजूंनी मजबूत जाळी ठोकलेल्या गोठ्यात घ्याव्यात. एवढे करूनही शेळी गेली तर वन विभागाला लगेच कळवून पंचनामा करून घ्यावा, नुकसानभरपाई त्यावरच मिळते.

५. चारा उंचावर, बदल हळूहळू

शेळी खूप चारा वाया घालवते, अशी तक्रार असते. जमिनीवर टाकलेला, लेंड्या लागलेला, तुडवलेला पाला ती हुंगून सोडते. हा तिचा नखरा म्हणून आपण चिडतो. खरे तर हीच सवय तिला जंतांपासून वाचवते. म्हणून हादगा, शेवरी, सुबाभूळ, बोर यांच्या फांद्यांची पेंढी सुतळीने बांधून तिच्या तोंडाच्या उंचीवर टांगावी आणि भुसकट, खुराक यांसाठी जमिनीपासून फूट-दीड फूट उंच गव्हाण करावी. गव्हाणीला उभ्या पट्ट्या लावल्या की शेळी डोके आत घालते पण पाय घालू शकत नाही. तीस-पस्तीस किलोच्या शेळीला रोज साधारण तीन-चार किलो हिरवा पाला, अर्धा ते एक किलो तुरीचे किंवा हरभऱ्याचे भुसकट आणि २०० ते २५० ग्रॅम खुराक लागतो. पाणी चार-पाच लिटर, उन्हाळ्यात आणि दुभत्या शेळीला त्याहून जास्त. सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत ठेवावी, अति झाली तर केस गळतात. ज्वारीचे कोवळे पोंगे आणि कापणीनंतरचे फुटवे खाऊ देऊ नयेत. त्यांतल्या विषाने किराळ लागते आणि तासाभरात जनावर जाते.

परसातल्या शेळीला सर्वांत मोठा धोका शेजाऱ्यांच्या प्रेमापासून असतो. लग्नाचा उरलेला भात, पोळ्या, दळणाचे पीठ तिच्यापुढे आणून ओतले जाते. शेळीच्या पोटाचा पहिला कप्पा विरजणाच्या भांड्यासारखा आहे. त्यात कोट्यवधी सूक्ष्मजीव राहतात आणि पाल्यातला धागा तेच फोडतात. दूध नासते ते विरजण बिघडल्यावर. तसेच एकदम किलोभर भात पोटात गेला की आम्ल तयार करणारे जीव माजतात, बाकीचे मरतात, पोट गच्च होते आणि शेळी एक-दोन दिवसांत दगावू शकते. नेमके याच वेळी आंत्रविषार या जीवघेण्या रोगाचे जंतूही आतड्यात भरभर वाढतात. म्हणून कोणताही नवा चारा आठ-दहा दिवसांत थोडा-थोडा वाढवत न्यावा. पावसाळ्याच्या सुरुवातीचा कोवळा पालाही याला अपवाद नाही.

६. जंत: औषधाआधी पापणी

पावसाळ्यात शेळ्या खंगण्याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे पोटात रक्त पिणारा एक केसाएवढा बारीक जंत. त्याची मादी रोज हजारो अंडी घालते. लेंडीतून बाहेर पडलेल्या अंड्यांतून उबदार, ओलसर हवेत आठवड्याभरात अळ्या तयार होतात आणि गवतावरच्या पाण्याच्या पातळ थरातून पात्यावर चढतात. पण फार वर नाही, बहुतेक जमिनीपासून चार बोटे ते वीतभर उंचीतच राहतात. झुडपे खाणाऱ्या शेळीच्या तोंडी त्या सहसा लागत नसत. म्हणूनच शेळीच्या शरीराने मेंढीएवढीही प्रतिकारशक्ती कमावली नाही, असे मानले जाते. परसातल्या आखूड गवतावर तिला सोडले की ती प्रथमच या शत्रूच्या तोंडी जाते. एक जंत रोज सुमारे ०.०५ मिलिलिटर रक्त घेतो. हजार जंत असतील तर रोज ५० मिलिलिटर. तीस किलोच्या शेळीच्या अंगात एकूण रक्त दोन लिटरच्या आसपास असते. म्हणजे चाळीस दिवसांत तिच्या अंगातल्या सगळ्या रक्ताएवढे रक्त जंत पिऊन टाकतात. शरीर नवे रक्त तयार करते, पण या वेगाने नाही. जबड्याखाली पाणी भरून सूज आली तर दुखणे फार पुढे गेले असे समजावे.

दर तीन महिन्यांनी सगळ्या शेळ्यांना जंताचे औषध पाजले की झाले, असे सर्रास सांगितले जाते. यात एक मोठी खोट आहे. प्रत्येक वेळी जे थोडे जंत औषधातून वाचतात त्यांचीच पुढची पिढी वाढते आणि काही वर्षांत ते औषध निकामी होते. कळपातले बहुतेक जंत थोड्याच शेळ्यांच्या पोटात असतात. बाकीच्यांना औषधाची गरजच नसते. दक्षिण आफ्रिकेत यावर ‘फमाचा’ नावाचा पाच रंगांचा तक्ता तयार झाला. डोळ्याची खालची पापणी हळूच उलटून आतला रंग पाहायचा. लालबुंद असेल तर शेळी ठीक. फिकट गुलाबी असेल तर सावध. पांढरट असेल तर त्याच दिवशी औषध. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी हे करावे. ही परीक्षा फक्त रक्त पिणाऱ्या जंतांपुरती आहे. हगवण, खंगणे अशी इतर लक्षणे दिसली तर ताज्या लेंड्या पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासायला द्याव्यात आणि औषध व मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी, कारण मात्रा शेळीच्या वजनावर असते. दव वाळेपर्यंत शेळ्यांना गवतात सोडू नये, हा बिनखर्चाचा उपाय मात्र रोज करण्यासारखा आहे. खुरांचेही तसेच. मऊ मुरमावर ते झिजत नाहीत, म्हणून दीड-दोन महिन्यांनी वाढलेली कड धारदार कात्रीने किंवा चाकूने कापून सपाट करावी. आवारात दोन-चार खडबडीत मोठे दगड मधोमध, कुंपणापासून दूर ठेवले तर शेळ्या त्यांवर चढतात, बसतात आणि खूरही झिजतात.

७. करडू, चीक आणि लस

शेळी सुमारे १५० दिवस गाभण राहते. विण्याआधी कोपरा झाडून, चुना टाकून, कोरडे भुसकट पसरावे. करडू जन्मले की नाळ स्वच्छ ब्लेडने कापून तिथे टिंक्चर आयोडीन लावावे आणि अर्ध्या ते एका तासात त्याला आईचा चीक पाजावा. वार पडेपर्यंत करडाला पाजू नये, असा समज अनेक घरांत आहे आणि त्यापायी दर वर्षी कितीतरी करडे जातात. शेळीच्या गर्भाशयातून रोगप्रतिकारक द्रव्ये करडापर्यंत पोचत नाहीत. ती फक्त चिकातून मिळतात. करडाचे आतडे ती जशीच्या तशी शोषून घेते ते पहिल्या दिवसापुरतेच, आणि तासागणिक ती क्षमता कमी होत जाते. दोन किलोच्या करडाला पहिल्या दिवसात तीन-चार वेळा मिळून २०० मिलिलिटर चीक मिळायलाच हवा. वार यथावकाश पडते. उलट करडू आचळाला लागल्याने पडायला मदतच होते.

गोठा कितीही कोरडा असला तरी दोन रोगांना लशीशिवाय अडवता येत नाही. एक आंत्रविषार; धडधाकट दिसणारे करडू संध्याकाळी खेळते आणि सकाळी मेलेले आढळते. दुसरा पीपीआर, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांची विषाणूजन्य महामारी: ताप, नाकाडोळ्यांतून स्राव, तोंडात फोड, हगवण आणि फुफ्फुसदाह. हा रोग भारतात प्रथम १९८७ साली तमिळनाडूत नोंदला गेला आणि २०३० पर्यंत तो जगातून नाहीसा करण्याचे ध्येय आंतरराष्ट्रीय संस्थांनी ठेवले आहे. पीपीआरची लस करडू तीन-चार महिन्यांचे झाल्यावर टोचतात आणि एका लशीने किमान तीन वर्षे संरक्षण मिळते. आंत्रविषाराची लस पहिल्या वेळी पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा आणि पुढे दर वर्षी पावसाळ्यापूर्वी द्यावी लागते. बाजारातून आणलेली नवी शेळी घरच्या शेळ्यांत सोडण्याआधी तीन-चार आठवडे वेगळी ठेवावी, कारण रोग बहुतेक वेळा तिच्याबरोबर येतो.

ज्यांना यंदा शेळ्या घ्यायच्या आहेत त्यांनी बाजारात जाण्यापूर्वी मुरूम चोपून, जाळी ठोकून, गव्हाण टांगून घ्यावी. ज्यांच्याकडे आधीच शेळ्या आहेत त्यांनी मे महिना संपायच्या आत जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन आंत्रविषाराच्या लशीची तारीख ठरवून यावी.